व्हिडिओ पाहून पानमांडणी शिकताना हाताशी पट्टी असावी

प्रश्न असा आला आहे: “बी.कॉम. झाल्यावर पानमांडणीचे काम शिकावे म्हणून मी दोन महिन्यांपासून इनडिझाइन या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ पाहत आहे. इंग्रजीतील एक पूर्ण मालिका आणि हिंदीतील दोन मालिका संपवल्या, सगळ्या साधनांची नावे पाठ झाली. पण नागपूरच्या महाल भागातील एका वाचनालयाची ९६ पानांची स्मरणिका हाती आली तेव्हा पहिले पान कोठून सुरू करावे हेच कळेना. आता व्हिडिओ सोडून क्लास लावावा, की याहून चांगली मालिका शोधावी?”

माझ्या मते तूर्त या दोहोंपैकी काहीही करू नये. अडचण खरी आहे, परंतु ती तुमच्या आकलनाची नाही. व्हिडिओत शिकवणारा जो मजकूर घेतो तो त्या धड्यासाठीच बेतलेला असतो. मथळा दोन ओळींत बसतो, छायाचित्र चौकटीच्याच मापाचे असते आणि लेख पानाच्या तळाशी अगदी वेळेवर संपतो. वाचनालयाची स्मरणिका तशी येत नाही. अध्यक्षांचे मनोगत हाताने लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणून येते, ताळेबंद एक्सेलमध्ये येतो, एखाद्या जुन्या सभासदाच्या आठवणी पंधरा वर्षांपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात आणि जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येतच राहतात. साधन कोठे आहे आणि ते कोणत्या कळीने उघडते एवढे व्हिडिओतून उत्तम कळते. ते केव्हा उचलायचे हे मात्र समोर पडलेल्या कामावरूनच कळत जाते, आणि तुम्ही दोन महिने कामाशिवाय शिकत होता.

मी १९९८ साली गांधीबागेतील एका ऑफसेट छापखान्याच्या डीटीपी खोलीत लागलो, तेव्हा व्हिडिओ नव्हते आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती. पेजमेकर या तेव्हाच्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर बसणारे जे ज्येष्ठ ऑपरेटर होते ते बोलून काही शिकवत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हाती स्टीलची एक पट्टी आणि एका मासिकाचा जुना अंक दिला आणि म्हणाले, “पान मोजून आण.” समास किती, स्तंभ किती रुंद, दोन स्तंभांमधली जागा किती, ओळी किती, पान क्रमांक कडेपासून किती अंतरावर, हे सारे कागदावर मांडून नेल्यावरच त्यांनी मला माऊसला हात लावू दिला. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. पुढे दुसऱ्यांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा मीही पट्टीपासूनच सुरुवात केली, आणि तुम्हालाही तेथूनच सुरुवात करायला सांगतो.

डेमी १/८ आकाराचे, चांगले छापलेले एखादे मराठी पुस्तक घ्या. घरात नसेल तर दीक्षाभूमीच्या परिसरातील पुस्तकांच्या दुकानांत जा. तेथे चार पानांच्या पत्रकापासून जाडजूड ग्रंथापर्यंत प्रत्येक आकाराचा आणि प्रत्येक प्रतीच्या मांडणीचा नमुना थोड्या पैशांत मिळतो, आणि चांगली मांडणी वाईट मांडणीशेजारी ठेवून पाहता येते. (अशोक विजयादशमीच्या आधीचे काही आठवडे मात्र शहरातील छापखाने याच पुस्तकांच्या कामात बुडालेले असतात, त्या दिवसांत कोणा ऑपरेटरला शंका विचारायला जाऊ नये, तो उत्तर देणार नाही.) कापलेले पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच भरेल. आता मजकुराची रुंदी मोजा, वरचा, खालचा, बाहेरचा आणि शिवणीकडचा समास मोजा. शिवणीकडचा समास किती ठेवला आहे आणि त्यातला किती बांधणीत गिळला गेला आहे हे पुस्तक पूर्ण उघडून पाहा.

त्यानंतर ओळींमधले अंतर काढा. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून अकराव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंतचे अंतर मोजले म्हणजे दहा ओळींची जागा मिळते. ती अडीच इंच भरली असे समजू. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणजे अडीच इंचांत १८० पॉइंट. त्याला दहाने भागले की लीडिंग १८ पॉइंट निघाले. अक्षरांचा आकार पट्टीने असा थेट मोजता येत नाही, कारण एकाच पॉइंटचे दोन मराठी फॉन्ट डोळ्यांना लहानमोठे दिसतात. त्यासाठी त्याच रुंदीत एक परिच्छेद टंकून, ओळीत तितकेच शब्द बसेपर्यंत आकार कमीजास्त करावा लागतो. ही आकडेमोड तासाभराची आहे. ती केल्यावर इनडिझाइनमध्ये नवी फाइल उघडताना जी चौकट येते तिच्यातील प्रत्येक रकान्यात काय भरायचे हे तुम्हाला ठाऊक असेल. व्हिडिओतील अमेरिकी शिक्षक तेथे साडेआठ बाय अकरा इंचांचा लेटर कागद निवडतो, मापे पायका या छपाईच्या एककात ठेवतो आणि पुढे जातो. आपण त्याच्यामागोमाग तसेच करतो आणि नंतर सारी फाइल मोडून पुन्हा डेमीत बसवतो.

या पुस्तकातील सोळा पाने, म्हणजे एक फर्मा, जशीच्या तशी पुन्हा लावायची. मजकूर टंकत बसण्याची गरज नाही, दुसरा कोणताही मराठी मजकूर ओतला तरी चालेल. पण समास, ओळींची संख्या, प्रकरणाचा मथळा जेथून सुरू होतो ती जागा, पानाच्या डोक्यावरचे पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक हे पट्टीने ताडून जुळले पाहिजे. हे करताना तुम्ही अडाल, आणि व्हिडिओची खरी वेळ तीच असते. मजकूर चौकटीत मावला नाही आणि कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह आले, की त्या चिन्हावर क्लिक करून मजकूर पुढच्या चौकटीत कसा न्यायचा एवढाच व्हिडिओ शोधायचा. शिफ्टची कळ दाबून क्लिक केल्यावर लागतील तितकी पाने आपोआप तयार होऊन सगळा मजकूर ओतला जातो हे शिकणारा अडल्याशिवाय मी सांगत नाही. वीस चौकटी हाताने जोडून झाल्यावर ती एक कळ जन्मभर लक्षात राहते. प्रत्येक पानावर पान क्रमांक टंकण्याचा कंटाळा आला, की मास्टर पानाचा, म्हणजे जे सर्व पानांवर आपोआप उमटते त्या साच्याचा, व्हिडिओ. अशा रीतीने सोळा पानांत पंधरा-वीस छोटे व्हिडिओ पाहून होतील आणि त्यांतील एकही वाया जाणार नाही.

पाहण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे लिहितो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे साधारण दहा मिनिटांचे ठेवले आणि पडद्याच्या एका अर्ध्यात व्हिडिओ, दुसऱ्या अर्ध्यात सॉफ्टवेअर उघडून, थांबवत थांबवत तीच कृती करण्याची रीत घालून दिली. त्यात इंकस्केप आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजातही आहेत. इनडिझाइन त्यांच्या कक्षेत नाही, पण रीत तीच ठेवावी. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. शिकवणाऱ्याचा हात भरभर चालतो आणि त्याने कोणत्या पॅनेलमध्ये काय निवडले ते दिसत नाही, तेव्हा याचा फार उपयोग होतो. धडा एकदा सोबत करून पाहावा, मग व्हिडिओ बंद करून नव्या फाइलमध्ये तोच प्रकार करावा, आणि जेथे अडलो ते वहीत आपल्या मराठीत लिहून ठेवावे. माझ्या जुन्या वहीत “फोटो चौकटीत कोंबायचा, ताणायचा नाही: कंट्रोल, आल्ट, शिफ्ट, सी” असे लिहिलेले आहे. ते वाक्य कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही, पण मला ते लगेच आठवते.

व्हिडिओ चांगला की वाईट हे पहिल्या चार-पाच मिनिटांत ओळखता येते. शिकवणारा प्रत्येक मथळा निवडून त्याला फॉन्ट, आकार आणि रंग वेगवेगळा देत बसला आणि पॅराग्राफ स्टाइलचे, म्हणजे एकदा ठरवून सगळीकडे लावायच्या स्वरूपाचे, पॅनेल उघडलेच नाही, तर तो व्हिडिओ बंद करावा. असे काम एका पानाच्या पत्रकात खपते. ९६ पानांच्या स्मरणिकेत संपादकांनी “सगळी उपशीर्षके जरा लहान करा” असे म्हटले की स्टाइल असलेल्या फाइलमध्ये ते मिनिटाभरात होते, आणि स्टाइल नसेल तर ती रात्र गेली. याउलट ज्या व्हिडिओत शिकवणाऱ्याचे काहीतरी चुकते आणि ते तो समोरच दुरुस्त करतो, तो मी दोनदा पाहतो.

आवृत्तीकडेही लक्ष असू द्या. २०२१ पर्यंत इनडिझाइनमध्ये ज्याला मास्टर पान म्हणत त्याचे नाव त्या वर्षी पेरेंट पान झाले. काम तेच, पण जुन्या व्हिडिओतला शब्द नव्या मेनूत सापडत नाही आणि नवशिक्या गोंधळतो. फाइलचेही तसेच आहे. तुमच्याकडे नवी आवृत्ती आणि छापखान्यात जुनी, असे असेल तर तुमची फाइल तेथे उघडणार नाही. तिची आयडीएमएल प्रत काढून द्यावी लागते, आणि ती उघडल्यावर ओळी कोठे सरकल्या का हे बसून तपासावे लागते.

पेजमेकरबद्दलही येथेच लिहितो, कारण आपल्याकडच्या काही क्लासांत ते आजही शिकवले जाते. १९८५ साली आल्डस कंपनीने ते काढले आणि डेस्कटॉप पब्लिशिंग हा व्यवसायच त्याने उभा केला. ॲडोबीने पुढे ते विकत घेतले, १९९९ साली इनडिझाइन आणले आणि २००१ मधील ७.० नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती निघाली नाही. त्याला युनिकोड समजत नाही. त्यामुळे त्यात मराठी लावायची म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले जुने फॉन्ट वापरावे लागतात. माझे हात त्यावरच तयार झाले आणि मला त्याची माया आहे, पण आज नव्याने शिकणाऱ्याने त्यावर वेळ घालवू नये.

आता ज्या भागात इंग्रजी व्हिडिओ तुम्हाला काहीच मदत करणार नाहीत आणि हिंदी व्हिडिओ अर्धीच करतील त्या भागाकडे येतो, म्हणजे देवनागरी मजकुराकडे. तुम्ही गूगल डॉक्समधून आलेला मजकूर फाइलमध्ये घातला आणि “विद्यार्थी” या शब्दातील पहिली वेलांटी “व” च्या पुढे जाऊन पडली, जोडाक्षरे पाय मोडल्यासारखी सुटी झाली, तर मजकूर बिघडलेला नाही आणि फॉन्टही बिघडलेला नाही. इनडिझाइनमध्ये ओळी जुळवणारे जे यंत्र असते त्याला कंपोझर म्हणतात आणि मुळात निवडलेला कंपोझर रोमन लिपीसाठीचा असतो. पॅराग्राफ स्टाइल उघडून जस्टिफिकेशनच्या भागात ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडला की वेलांटी जागेवर येते. सीएस ६ पासून, म्हणजे २०१२ पासून, भारतीय लिपींची ही सोय आहे. हे एकेका परिच्छेदाला न करता मूळ स्टाइललाच करावे आणि बाकीच्या सर्व स्टाइल तिच्यावर आधारित ठेवाव्यात, नाहीतर एखादी तळटीप किंवा एखाद्या छायाचित्राची ओळ तशीच मोडकी राहते आणि नेमकी तीच छापली जाते.

दुसरी बाब ओळींमधल्या अंतराची. इनडिझाइन आपण होऊन अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के लीडिंग धरते. म्हणजे १० पॉइंटला १२. इंग्रजीला ते पुरते. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार, रकार-जोडाक्षरांचे पाय आणि खालच्या ओळीच्या मात्रा, अनुस्वार, वेलांट्या यांची एकाच पट्टीत गर्दी होते, म्हणून बहुतेक मराठी फॉन्टना १३ पॉइंटवर १८ च्या आसपास जागा लागते. “कुटुंबातील” या शब्दाखाली “कौंतेय” हा शब्द येईल असा मजकूर मुद्दाम टंकून पाहावा. मात्रा उकाराला टेकली तर अंतर वाढवावे. तिसरी बाब अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजी व्हिडिओत मथळा ऐसपैस दिसावा म्हणून ट्रॅकिंग वाढवण्याची हौस असते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द काड्यांसारखा विस्कटतो. ओळ दोन्ही कडांना जुळवतानाही लेटर स्पेसिंगचे तिन्ही रकाने शून्यावर ठेवावेत आणि जी काही ओढाताण करायची ती शब्दांमधल्या जागेत करावी. अरुंद स्तंभात त्यामुळे पांढऱ्या भेगा पडल्या, तर तो मजकूर डावीकडेच जुळवलेला बरा दिसतो, संपादकांनी कितीही हट्ट धरला तरी.

हिंदी व्हिडिओ अर्धीच मदत करतात असे म्हटले ते “ल” आणि “श” यांच्यासाठी. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त “ल” आणि देठयुक्त “श” वापरायचे आहेत, आणि अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मूळ रूपे हिंदी वळणाची असतात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे दिलेली आहेत त्यात परिच्छेदाची भाषा मराठी ठेवून पाहावी. तरीही आकार बदलला नाही तर ग्लिफ्सच्या, म्हणजे अक्षररूपांच्या, पॅनेलमध्ये मराठी रूप आहे का ते शोधावे आणि तेथेही नसेल तर फॉन्ट बदलावा. सामान्य वाचकाला हे जाणवणार नाही असे कोणी म्हणेल. वाचनालयाच्या स्मरणिकेचे वाचक मात्र सामान्य नसतात, त्यांच्यात निवृत्त मराठी शिक्षक असतात.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय होते हे माझ्याच चुकीवरून सांगतो. एका शाळेच्या अंकाचे काम होते. आलेला मजकूर कन्व्हर्टरमधून काढला तेव्हा “दुसऱ्या”, “पायऱ्या”, “शेतकऱ्यांना” या शब्दांतील अर्धा “ऱ” जाऊन “दुसर्या”, “पायर्या”, “शेतकर्यांना” असे झाले. मला वाटले, सोपे आहे. शोधा-बदला उघडले, “र्य” च्या जागी “ऱ्य” घातले आणि सर्व बदला असे बटण दाबले. बदल चारशेच्या वर झाले, मला समाधान वाटले, आणि अंक छापून आल्यावर तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत “प्राचाऱ्यांचे मनोगत” असा मथळा होता. आत “सूऱ्यनमस्कार” होते, “काऱ्यक्रम” होते, “सौंदऱ्य” होते. तो फर्मा मी पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिला. तेव्हापासून “र्य” शोधतो, पण एकेक शब्द पाहून पुढे जातो. ९६ पानांना त्यासाठी एक सकाळ पुरते.

पान क्रमांकाची एक गंमत आहे. मास्टर पानावर कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एन दाबले की चालू पानाचे चिन्ह येते हे प्रत्येक व्हिडिओत आहे, पण आपल्याकडे ते “24” असे इंग्रजी अंकांत उमटते आणि आजूबाजूच्या मराठी मजकुरात परके दिसते. मी फोलिओसाठी, म्हणजे पान क्रमांकासाठी, वेगळी कॅरेक्टर स्टाइल करतो आणि तिला इंग्रजी अंकांच्या जागी मराठी अंक बसवलेला जुन्या पद्धतीचा फॉन्ट देतो. जुना फॉन्ट एवढ्यापुरता कामी येतो.

तुमच्या स्मरणिकेचे काम आता कसे उचलायचे ते पाहू. ९६ पाने म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे, हा आकडा चांगला आहे. जाहिराती वाढून १०० पाने झाली तर उरलेल्या चार पानांसाठी कागद आणि छपाई दोन्ही महाग पडतात, हे समितीला आजच सांगून ठेवावे आणि ९६ किंवा ११२ यांपैकी एक ठरवून घ्यावे. एक साधा कोरा कागद तीनदा घडी घालून त्यावर १ ते १६ आकडे टाका आणि उलगडून पाहा. पहिल्या पानाशेजारी सोळावे, आठव्याशेजारी नववे, शेजारच्या प्रत्येक जोडीची बेरीज सतरा. छपाईच्या प्लेटवर पाने अशी बसतात, पण तशी लावण्याचे काम छापखान्याचे आहे. तुम्ही फाइल १, २, ३ या सरळ क्रमानेच द्यायची. हा कागद पाहून हौसेने पाने उलटसुलट लावून आणणारे शिकाऊ मी पाहिले आहेत.

वर्डच्या फाइली आणताना कंट्रोल आणि डी दाबून जी चौकट उघडते तिच्यात इम्पोर्ट ऑप्शन्स दाखवण्याची खूण करा आणि वर्डमधले स्वरूपण काढून टाका. ते न केल्यास वर्डमधील काळा रंग आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरवा-निळा मिश्रणाचा, म्हणून आत येतो, पीडीएफ काढताना तो चारही रंगांत विभागला जातो आणि मजकुरातील प्रत्येक अक्षर चार प्लेटांवर जाते. छापताना प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत सावली दिसते. स्मरणिकेची आतली पाने एकरंगी असतील तर छापखान्यातून फोनच येतो, की तुमच्या एकरंगी फाइलमध्ये चार रंग कसे? पीडीएफ काढल्यावर ॲक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून काळ्याशिवाय बाकीच्या तीन प्लेटा बंद-चालू करून पाहाव्यात. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर दिसला पाहिजे.

छायाचित्रे सभासदांकडून व्हॉट्सॲपवर येतील. ती साधी न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे मूळ आकारात येतात. लिंक्स पॅनेलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआय (छापील एका इंचात किती पिक्सेल) असा आकडा दिसतो, त्याकडे नजर ठेवा. लांब बाजूला १६०० पिक्सेल असलेला फोटो ३०० पीपीआयने जेमतेम सव्वापाच इंच छापता येतो, म्हणजे डेमी पानाच्या रुंदीलाही तो थोडा कमीच पडतो. पानाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र कापाच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवायचे आणि पीडीएफ काढताना ब्लीडची खूण करायची. ही खूण व्हिडिओत शेवटच्या मिनिटाला घाईघाईने येते आणि म्हणूनच सगळ्यांकडून राहते. पीडीएफ कोणत्या प्रकारची हवी हे मात्र व्हिडिओला विचारू नये, ज्या छापखान्यात प्लेट निघणार आहे त्याला विचारावे. कोणी एक्स-१ए मागतो, कोणी एक्स-४.

सॉफ्टवेअरच्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न पुढे येणारच आहे. इनडिझाइनची चाचणी आवृत्ती सात दिवस चालते आणि तेवढ्यात वर सांगितलेला सोळा पानांचा सराव होतो, जर मोजमाप आणि मजकूर आधीच तयार ठेवला असेल तर. ती संपल्यावर लगेच वर्गणी भरणे शक्य नसेल तर स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. त्याच्या १.५ मालिकेपासून देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात. स्टाइल, मास्टर पाने, ब्लीड आणि छपाईयोग्य पीडीएफ हे सारे त्यात आहे. कामाचा वेग कमी पडतो, पण सवयी त्याच लागतात. चोरीच्या प्रतीवर शिकू नका एवढेच सांगतो. ऐन मे महिन्यात, कुलरही दमलेला असताना, मध्यरात्री बंद पडलेल्या अशा प्रतीपायी हातातून गेलेली कामे मी आसपास पाहिली आहेत.

क्लासबाबत माझे मत असे, की सीताबर्डीवर किंवा सदर भागात जेथे चौकशी कराल तेथे एकच विचारावे: शिकताना चालू असलेल्या कामावर बसू देता का? देत असतील तर महिनाभर अवश्य जावे. नुसता अभ्यासक्रम असेल तर तो तुम्ही दोन महिन्यांत घरी पाहून संपवलाच आहे.

स्मरणिकेचा पहिला फर्मा लागला की तो पडद्यावर तपासू नका. साध्या प्रिंटरवर मूळ मापात सोळा पाने काढा, डेमीच्या आकारात कापा, मधोमध पिन मारा आणि ती वही वाचनालयातील सर्वांत वयस्कर सभासदाला चष्म्यासकट वाचायला द्या. ते कोठे पान जवळ ओढतात ते पाहा, आणि तेथले लीडिंग पुन्हा मोजा.